सॅक्सचा आवाज बिघडलाय? माउथपीस विकत घ्यायच्या आधी हे सगळं तपासा

मागच्या जुलैत एक मुलगा त्याचा आल्टो सॅक्सोफोन घेऊन माझ्याकडे गिरगावात आला, डोंबिवलीहून, दादरला गाडी बदलून, खांद्यावर ती वाद्याची भलीमोठी केस. म्हणाला दादा माझा टोन एकदम बेकार आहे, खालचे सूर गुळगुळ करतात, पैसे जमवलेत, कुठला माउथपीस घेऊ ते सांगा (माउथपीस म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग). म्हटलं आधी वाजव तर खरं. वाजवलं त्याने. खालचा डी छान, सी पण बऱ्यापैकी, पण सी शार्प, बी आणि बी फ्लॅट मात्र मीठपाण्याच्या गुळण्या केल्यासारखे. आता सी येतो आणि त्याच्याच वरचा सी शार्प येत नाही म्हटल्यावर गोम फुंकेत नाही, वाद्यात आहे. त्याचं जी शार्पचं पॅड, म्हणजे वाद्याचं भोक मिटणारी गादी, त्या तीन सुरांना केसभर उघडं राहत होतं. एक छोटा स्क्रू थोडासा फिरवला आणि त्याच रीडवर, त्याच माउथपीसवर खालचा बी फ्लॅट असा निघाला की समोरच्या काकू गॅलरीत आल्या बघायला.

म्हणून हे लिहितोय. आवाज खराब येतोय म्हणून मुलं स्वतःला दोष देत बसतात किंवा थेट हजारो रुपयांचा माउथपीस घेऊन येतात, आणि दोष भलतीकडेच असतो. दोष कुणाचा, वाद्याचा का आपला, हे आधी शोधायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. माझा क्रम ठरलेला आहे, पहिली रीड, मग लीक (हवा कुठून निसटते का ते), मग ओठ आणि घसा, आणि माउथपीस सगळ्यात शेवटी.

रीडपासून सुरू करू. रीड म्हणजे माउथपीसवर बसणारी, फुंकेने थरथरणारी पट्टी, शेवटी बोरूसारख्या गवताचीच, ती ओली होते, फुगते, वाकते, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर तर ती कधी पूर्ण वाळतच नाही. वाजवायच्या आधी मिनिट-दोन मिनिटं तोंडात किंवा वाटीभर पाण्यात ठेवा, टोक लाटांसारखं वाकडं दिसत असेल तर सपाट होईपर्यंत थांबा, घाईने वाजवलं की ती चिरकणारच. लावताना रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी जुळलं पाहिजे, समोरून बघितलं तर माउथपीसची काळी कड अगदी केसाएवढी दिसावी. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, रीड एका अंगाला सरकलेली असली तरी आवाज फाटतो आणि हे नव्वद टक्के लोक बघतच नाहीत असं माझं मत झालंय. लिगेचर, म्हणजे रीड माउथपीसला धरून ठेवणारं कडं, गच्च आवळू नका, रीड हलणार नाही इतपत पुरे.

नंबरचं, म्हणजे रीड किती कडक त्याचं, म्हणाल तर आवाजात नुसती हवा सुसू करत असेल आणि सूर काढायला जोर लागत असेल तर रीड तुम्हाला जड आहे. आवाज डासासारखा बारीक भुणभुणतोय, वरचे सूर पडतायत, जरा जोरात फुंकलं की रीड मिटून आवाजच बंद होतोय, तर ती हलकी आहे किंवा मेलेली आहे. नवशिक्याने २ किंवा २.५ ने सुरू करावं, आणि एका कंपनीचा २.५ दुसऱ्या कंपनीच्या २.५ सारखा असेलच असं नाही, त्यामुळे नंबरवरून एकमेकांशी स्पर्धा करू नका, ३ वाजवतो म्हणजे मोठा वादक असं काही नसतं. एकच रीड फुटेपर्यंत वाजवायची सवय असेल तर ती मोडा. चार रीड ठेवा, पाठीवर १ ते ४ आकडे घाला, रोज पुढची घ्या. वाजवून झाल्यावर पुसून काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका नाहीतर काळे ठिपके येतात, बुरशी असते ती, तशी रीड सरळ फेकून द्या, तोंडात घालायची वस्तू आहे. ज्यांना हा सगळा व्याप नको त्यांनी निदान पावसाळ्यापुरती प्लॅस्टिकची रीड घ्यावी, लेजेर कंपनीची वगैरे, महाग पडते पण हवेतल्या दमटपणाने तिला काही फरक पडत नाही आणि सुकायची वाट बघावी लागत नाही.

आता लीक. सॅक्सच्या अंगावर वीस-पंचवीस पॅड असतात, चामड्याची, आणि त्यातलं एक जरी नीट बसलं नाही तरी त्याच्या खालचे सगळे सूर बिघडतात, कारण हवेचा खांब तिथेच फुटतो. ओळखायची पहिली खूण सोपी आहे. बोटं नेहमीसारखी हलकी ठेवून सूर गुळगुळतोय आणि त्याच किल्ल्या जोरात दाबल्या की स्वच्छ येतोय? मग लीक आहे. जोरात दाबून वाजवायची सवय मात्र लावून घेऊ नका, बोटं जड होतात आणि ती सवय वाद्य दुरुस्त झाल्यावरही जात नाही.

लीक नेमकं कुठे ते शोधायला लोहार चाळीतून बॅटरीवर चालणारी बारीक एलईडीची माळ आणा, दिवाळीला लावतात तसली, पण बॅटरीवालीच, प्लगची नको. रात्री खोलीत अंधार करा, माळ वाद्याच्या आत हळूच सोडा, एकेक पॅड हलकेच बंद करा आणि कडेने बघा. प्रकाशाची रेघ दिसली की तिथे लीक. माळ नसेल तर सिगारेटच्या पातळ कागदाची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, पॅडखाली चारी बाजूंना आळीपाळीने धरून पॅड हलकं मिटवा आणि पट्टी ओढून बघा. एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल निघाली तर ते पॅड तिरकं बसतंय.

जी शार्पची वेगळी तपासणी, कारण डोंबिवलीच्या मुलासारखी केस मी किती वेळा बघितलीय सांगू. खालचा डी वाजवा आणि वाजवतानाच डाव्या करंगळीने जी शार्पची की दाबा. सुरात काहीही फरक पडता कामा नये. पडला तर जी शार्पचं पॅड नीट धरून ठेवलं जात नाहीये, आणि सी शार्प, बी, बी फ्लॅटच्या किल्ल्या दाबताना तीच यंत्रणा उचलली जाते म्हणून ते तिन्ही सूर जातात. त्या पॅडवर येणाऱ्या पट्टीवर एक ॲडजस्टमेंटचा स्क्रू असतो, तो एकदम थोडा, घड्याळाच्या काट्याचं पाच-दहा मिनिटांचं अंतर एवढाच फिरवायचा आणि परत वाजवून बघायचा. जास्त फिरवला तर उजव्या हाताची पॅडं उघडी राहतील आणि डी पण जाईल. बाकी पॅड बदलणं, किल्ल्या सरळ करणं हे घरी करू नका, ते दुरुस्तीवाल्याचं काम आहे. मी एकदा एका ठिकाणी वाद्य दिलं होतं तर तिथे पॅड बसवायला साधा गोंद वापरला, मे महिन्यात दोन पॅडं गळून पडली, तेव्हापासून मी समोर बसूनच काम करून घेतो आणि तुम्हालाही तेच सांगेन.

याच्या उलटाही त्रास होतो, जी शार्प दाबला तरी उघडतच नाही, चिकटून बसतो. ते पॅड एरवी मिटलेलंच असतं, त्यात दमट हवा, आणि आपण कटिंग मारून, वडापाव खाऊन तसेच वाजवायला बसतो, ती साखर आणि तेल फुंकेबरोबर आत जातं. उपाय एकच, वाजवायच्या आधी खळखळून चूळ भरा. चिकटलंच तर पॅडखाली स्वच्छ पातळ कागद ठेवून चार-पाच वेळा दाबा सोडा, दाबून धरून कागद खसकन ओढू नका, चामड्याचा वरचा थर निघतो. पावडर अजिबात टाकू नका, दोन दिवस बरं वाटतं, मग तिचा चिखल होतो.

नेकबद्दल, म्हणजे माउथपीस बसतो त्या वरच्या वाकड्या नळीबद्दल, एक गोष्ट आणि ती फार महत्त्वाची. खालचे सगळेच सूर एक सप्तक वर उडी मारत असतील, म्हणजे तुम्ही खालचा जी वाजवताय आणि वरचाच येतोय, तर नेकवरची ऑक्टेव्हची, म्हणजे सप्तक बदलणारी, छोटी किल्ली बघा. नेक बसवताना लोक त्या किल्लीलाच मुठीत धरून पिळतात, तिची कडी वाकते आणि ते बारीक भोक कायमचं उघडं राहतं. लोकलच्या गर्दीत केस दाबली गेली तरी होतं हे. तपासायचं असं, ऑक्टेव्ह की दाबून जी ची बोटं धरा, नेकवरचं भोक बंद असलं पाहिजे, आता जी चं बोट उचलून ए करा, ते उघडलं पाहिजे, परत जी, परत बंद. असं होत नसेल तर कारण सापडलं. आणि कधीकधी बाकी सगळं ठीक असून फक्त त्या भोकात थुंकीचा थेंब अडकलेला असतो, नेक काढून जोरात फुंकलं की जातो. नेकचा कॉर्क सैल झाला असेल आणि माउथपीस डुगडुगत असेल तर तिथूनही हवा निसटते, तात्पुरती कागदाची पट्टी गुंडाळून चालतं पण कॉर्क बदलून घ्या.

वाद्य ठीक आहे अशी खात्री झाली की मग आपल्याकडे वळायचं, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

फक्त माउथपीस आणि रीड घ्या, नेक नको, सॅक्स केसमध्येच राहू दे. फोनवर ट्यूनर (सूर दाखवणारं ॲप) लावा, कॉन्सर्ट पिचवर, म्हणजे पियानोचे खरे सूर दाखवेल असा. नेहमी वाजवता तशी फुंक मारा. आल्टोच्या माउथपीसवर साधारण ए यायला हवा, टेनरवर, म्हणजे आल्टोहून मोठ्या सॅक्सवर, जी. तुमचा बी किंवा सी येतोय? तर तुम्ही चावताय. खालच्या जबड्याने रीडवर दाब देताय, म्हणून रीडला हलायला जागाच नाही, म्हणून आवाज बारीक, आवळलेला, आणि वरचे सूर चढलेले. ही एक चाचणी मला कुणीतरी दहा वर्षं आधी सांगितली असती तर, असं मला अजून वाटतं. मग तो सूर हळूहळू खाली आणायचा, ओठ न हलवता, घशातून, जीभ आतून जरा खाली जाते तेव्हा सूर उतरतो. ए वरून घसरत ई पर्यंत या आणि परत वर जा, सनईवाला मींड घेतो तशी. माउथपीसवर मींड जमली की तुमच्या घशाला सुकाणू मिळालं असं समजा.

ओठ कसे ठेवायचे ते शब्दांत सांगणं अवघड आहे पण आजीच्या बटव्याची नाडी ओढली की तोंड चारी बाजूंनी सारखं मिटतं ना, तसे. वरचे दात माउथपीसवर टेकलेले, खालचा ओठ दातांवर थोडासाच, आणि ओठांचे कोपरे आत. हसल्यासारखे ओठ ताणले की आवाज पातळ झालाच. माउथपीस तोंडात किती घ्यायचा? एक पातळ कागद रीड आणि माउथपीसच्या मध्ये सरकवा, जिथे अडेल तिथे पेन्सिलने रीडवर बारीक खूण करा, खालचा ओठ साधारण त्या खुणेवर आला पाहिजे. त्याच्या फार अलीकडे असाल तर आवाज कोंडलेला, फार पलीकडे गेलात तर चिरकणार. आणि पट्टा, गळ्यातला पट्टा, तो इतका वर ओढा की माउथपीस आपणहून तोंडापाशी येईल. मान खाली घालून वाजवणाऱ्याचा घसा बंदच असतो.

चिरकण्याबद्दल एक सांगतो, प्रत्येक वेळी दोष ओठांचा नसतो. डाव्या तळव्याजवळच्या डी, ई फ्लॅट, एफ च्या किल्ल्या किंवा उजव्या बाजूच्या किल्ल्या हाताच्या कडेने नकळत दाबल्या जातात आणि एकदम कुंई होतं, लहान हात असलेल्यांना तर हमखास. आरशासमोर उभं राहून बघा. बोटं गोल हवीत, मुठीत लिंबू धरल्यासारखी.

फुंक कशी हवी, तर चष्म्याची काच पुसताना हाः करतो ती गरम हवा, पण तिला वेग हवा. चहा गार करायला फुंकतो तशी बारीक थंड फुंकर नको. पोटापासून भरा, खांदे वर जाता कामा नयेत. हळू वाजवायचं म्हणजे हवा कमी करायची असं नाही, हवा तेवढ्याच जोमाने, फक्त कमी मात्रेत, नाहीतर हळू वाजवताना सूर पडतो आणि हवाच जास्त ऐकू येते.

आणि मग रियाज. गाणारे सकाळी खर्ज भरतात ना, आपला खर्ज म्हणजे लाँग टोन. मधल्या जी पासून सुरू करा, एकदम हळू, आठ मात्रा वाढवत न्या, आठ मात्रा कमी करत आणा, सूर ट्यूनरवर हलता कामा नये आणि संपताना तुटता कामा नये. मग एकेक सूर खाली उतरत बी फ्लॅटपर्यंत. कंटाळवाणं आहे, मान्य, पण दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. ते झालं की ओव्हरटोन. बोटं खालच्या बी फ्लॅटचीच ठेवायची, एकही हलवायचं नाही, आणि नुसत्या घशाने आधी वरचा बी फ्लॅट काढायचा, मग त्याच्या वरचा एफ, मग त्याच्या वरचा बी फ्लॅट, मग डी. पहिले पंधरा दिवस काहीच येणार नाही, नुसता घोगरा आवाज येईल, थांबू नका. एफ यायला लागला की तोच एफ नेहमीच्या बोटांनी वाजवा, लगेच ओव्हरटोनने वाजवा, परत बोटांनी. दोन्हींचा रंग सारखा होईपर्यंत. बोटांनी वाजवलेला एफ या व्यायामानंतर जो भरदार होतो तो कुठल्याही माउथपीसने होत नाही, हे मी स्वतःवर आणि माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या मुलांवर बघितलंय.

काही सूर मुळातच वाकडे असतात, तुमचा काही दोष नाही. मधला डी, म्हणजे ऑक्टेव्ह की दाबून सगळी बोटं खाली तो, बहुतेक सॅक्सवर चढा आणि कोंडलेला येतो. त्याला आतून ओ म्हणत वाजवा, लांबवायचा असेल तर डाव्या करंगळीने खालच्या बी ची किल्ली सोबत दाबा, थोडा उतरतो आणि मऊ होतो. त्याच्या शेजारचा सी शार्प, सगळी बोटं मोकळी, तो पोकळ आणि अनेकदा पडलेला. लांब सूर असेल तर ऑक्टेव्ह की आणि डाव्या हाताचं फक्त तिसरं बोट अशी धरून बघा, भरलेला येतो.

सूर जुळवण्याचं आपल्याकडे वेगळं प्रकरण आहे कारण समोर पेटी असते आणि पेटीवाला काळी दोन, पांढरी एक अशा भाषेत बोलतो. आल्टोवर लक्षात ठेवा, काळी दोन म्हणजे तुमचा सी, आणि पांढरी एक म्हणजे तुमचा ए. टेनरवाल्यांचा सी म्हणजे काळी पाच. माउथपीस कॉर्कवर आत ढकलला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो, पण चावून चढलेला सूर माउथपीस ओढून खाली आणू नका, त्याने बाकीचे सूर आपसात बिघडतात. हवामानही बघा, आतली हवा एक डिग्री गरम झाली की सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो, त्यामुळे एसी हॉलमध्ये स्टेजवर चढायच्या आधी पाच मिनिटं सूर न काढता वाद्यात नुसती गरम हवा फुंका, आणि उघड्या मैदानावर मेच्या संध्याकाळी माउथपीस जरा बाहेर.

मग माउथपीसचं काय. बाकी सगळं जागेवर आलं आणि सहा महिने रियाज झाला की जरूर घ्या. सुरुवातीला यामाहाचा साधा ४सी पुरतो, मग मेयर ५ वगैरे. दुकानात जाताना स्वतःची रीड, स्वतःचं वाद्य आणि ट्यूनर न्या, आणि तोच एक लाँग टोन सगळ्यांवर वाजवा, भराभर सुरावटी वाजवून काही कळत नाही.

ऐका पण भरपूर. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या मनोहारी सिंग यांचा आल्टो आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय, नाव माहीत नसताना सुद्धा, त्यातला एकच सूर घ्या आणि तो सुरू कसा होतो, संपतो कसा, एवढंच दहा वेळा ऐका. मग कद्री गोपालनाथ ऐका, त्याच आल्टोवर कर्नाटक संगीत, रंग पूर्ण वेगळा. तुमच्या डोक्यात आवाजच नसेल तर ओठ कुठे जाणार?

स्वतःला रेकॉर्ड करताना फोन बेलच्या, म्हणजे खालच्या भोंग्याच्या, तोंडाशी ठेवू नका, सॅक्सचा आवाज सगळ्या उघड्या भोकांतून येतो, दोन-तीन मीटर लांब ठेवा. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये राहत असाल तर कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवा, शेजाऱ्यांना बराच कमी त्रास होतो, पण आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या भिंतीसमोर वाजवा म्हणजे स्वतःचा खरा आवाज परत कानावर येईल. मरीन ड्राइव्हवर वाजवायला मजा येते, फक्त टोनचा रियाज तिथे नको, वाऱ्यात आवाज उडून जातो आणि आपण नकळत जोर लावायला लागतो, शिवाय खाऱ्या हवेने किल्ल्यांच्या स्प्रिंग गंजतात, तिथून आल्यावर वाद्य कोरड्या फडक्याने पुसाच.

वाजवून झालं की लगेच केस बंद करू नका. नेकमधलं पाणी झटका, आतून कापडाचा बोळा दोन वेळा ओढा, जी शार्प आणि खालच्या सी शार्पच्या पॅडखाली कागदाचा तुकडा दाबून थांबा, पाणी टिपलं की काढा, रीड काचेवर, आणि पावसाळ्यात तर केस पंख्याखाली अर्धा तास उघडीच ठेवा. तो डोंबिवलीचा मुलगा आता एवढं सगळं करतो, माउथपीस त्याने अजून घेतलेला नाही, जमवलेल्या पैशातून चार रीड आणल्या आणि उरलेल्यात सगळी पॅडं नवीन घालून घेतली.